डिस्क शाबूत, पण दिसेनात

गेल्या वेळी मोबाइलमधले फोटो कसे सांभाळायचे ते पाहिलं. या वेळी आमच्याच घरात घडलेली गोष्ट सांगतो. थोडी तांत्रिक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. चूक माझी होती, ती तुमच्याकडून होऊ नये.

ग्वाल्हेरच्या लष्करात, सराफा बाजारात आमचं जुनं घर आहे. खाली दागिन्यांची दुकानं, वर आम्ही. माडीवरच्या खोलीत एक सेकंडहँड सर्व्हर ठेवलाय. त्याचा पंखा इतका घरघरतो की आई त्याला ‘गिरणी’ म्हणते. या गिरणीत आसपासच्या पाच-सहा मराठी घरांचा ठेवा आहे: लग्नांचे फोटो, मोडीतल्या कागदांचे स्कॅन आणि गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या कॅसेटवरून उतरवलेलं रेकॉर्डिंग. कॅसेट आता उरल्या नाहीत. ओल लागून गेल्या.

शेजारच्या काकूंचे यजमान ग्वाल्हेर घराण्याची गायकी शिकलेले. गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी त्यांनी गायलेला यमन सगळ्यांना ऐकवायचा असं ठरलं. पंधरा दिवस हाताशी होते. म्हटलं, तोवर सर्व्हरवरचं जुनं लिनक्स काढून नवं टाकू.

टाकलं. नवी प्रणाली सुरूही झाली. पण तिला फक्त ती स्वतः जिच्यावर होती ती छोटी एसएसडी दिसत होती. ठेव्याच्या चार डिस्क गायब!

आता या चार डिस्कची भानगड समजून घ्या. त्या ‘रेड’ पद्धतीने जोडलेल्या आहेत. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली शोधनिबंधात ही कल्पना मांडली: एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कचा समूह वापरायचा. हिशेब सराफाच्या वह्यांसारखा आहे. तीन वह्यांत ५, ७ आणि ९ लिहिले आणि चौथीत बेरीज, २१. कुठलीही एक वही हरवली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा आकडा काढता येतो. आमच्या ‘रेड ५’ मध्ये बेरजेऐवजी एक्स-ऑर ही क्रिया असते, आणि तिचं उत्तर एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कवर वाटलेलं असतं. म्हणून १ टीबीच्या चार डिस्क लावल्या की वापरायला ३ टीबी मिळतात.

हा सगळा हिशेब एक वेगळं कार्ड सांभाळतं आणि संगणकाला एकच मोठी डिस्क दाखवतं. कार्ड आणि लिनक्स यांच्यात बोलणी करून देणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. दुभाषी नसला की कार्ड असूनही नसल्यासारखं.

माझा पुतण्या उत्साही. मी चहाला खाली गेलो तेवढ्यात त्याने संगणक परत चालू करून कार्डाचा स्वतःचा मेन्यू उघडला. मी आलो तेव्हा त्याचं बोट ‘इनिशियलाइज’वर होतं.

“काका, हे दाबलं की सुरू होईल ना?”

“अरे थांब! हात लावू नकोस!”

‘इनिशियलाइज’ म्हणजे सुरू करणं नव्हे, पाटी कोरी करणं. एक कळ दाबली असती की काकूंचा यमन गेला असता. पण त्याच मेन्यूत एक चांगली बातमीही होती. समूहाची स्थिती ‘ऑप्टिमल’ दाखवत होती. म्हणजे डिस्क ठीक, कार्ड ठीक, गडबड लिनक्सच्या बाजूला.

मग घाई सोडून एकेक पायरी घेतली. पहिली, पेनड्राइव्हवरून डेबियनची लाइव्ह आवृत्ती चालवली. तिला डिस्क लगेच दिसली. ती ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडली. फायली जागेवर होत्या. जिवात जीव आला.

दुसरी, नव्या प्रणालीत परत येऊन ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ पर्यायासह दिली. कार्ड यादीत होतं, ओळख क्रमांक १०००:००६०. पण वापरात असलेल्या ड्रायव्हरची ओळ नव्हती. कारण सापडलं. मी टाकलेली प्रणाली रेड हॅट परिवारातली, आठव्या आवृत्तीची. तिच्यात ‘मेगारेड एसएएस’ ड्रायव्हर आहे, पण तो ओळखतो त्या कार्डांच्या यादीतून काही जुनी कार्डं वगळली आहेत. आवृत्तीसोबतच्या टिपांत हे स्पष्ट लिहिलेलं असतं. मी त्या वाचल्याच नव्हत्या.

तिसरी, उपाय. ‘ईएलरेपो’ हा स्वयंसेवकांचा उपक्रम अशा वगळलेल्या कार्डांसाठी ड्रायव्हर तयार करून देतो. त्यांचं भांडार जोडलं, ‘केमॉड-मेगारेड-एसएएस’ हे पॅकेज टाकलं, संगणक परत चालू केला. मोठी डिस्क हजर!

तुमची प्रणालीच जर अशा समूहावर टाकायची असेल, तर ड्रायव्हर नंतर टाकून चालत नाही. इन्स्टॉल करतानाच ‘इन्स्ट डॉट डीडी’ हा पर्याय देऊन ड्रायव्हरची डिस्क लावावी लागते, कारण डिस्क दिसल्याशिवाय प्रणाली टाकणार कुठे?

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर सगळे माडीवर जमले. तानपुरा सुरू झाला, मग काकांचं खाकरणं, आणि मग यमन. काकू शेवटपर्यंत खाली मान घालून ऐकत होत्या. उठताना मला एवढंच म्हणाल्या, “अरे, चार डिस्क ना? मग सगळं एकाच घरात कशाला ठेवलंस?”

उत्तर नव्हतं. एक डिस्क बिघडली तर रेड सांभाळून घेतं. पण चुकीची कळ, आग, चोरी किंवा पाणी यांपुढे त्याचं काही चालत नाही. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. आता त्या ठेव्याच्या दोन प्रती बाहेरच्या डिस्कवर आहेत. एक काकूंच्या कपाटात, दुसरी पुण्याला ताईकडे.

तेव्हा तरुण मंडळी, नवी प्रणाली टाकण्याआधी कार्डाचा क्रमांक लिहून ठेवा, आवृत्तीच्या टिपा वाचा, आणि आजी-आजोबांच्या आवाजाची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. हे शेवटचं काम तर याच रविवारी उरकून टाका.