पानपूरकांच्या बाजूने

मराठीत एखादे नियतकालिक छोटे असणे हा कधीच दोष मानला गेला नाही. उलट वाङ्मयीन क्षेत्रात अल्प खप ही जवळजवळ मानाची खूण आहे. 'सत्यकथा' हे घराघरांत पोचलेले मासिक नव्हते. ते १९८२ साली बंद पडले आणि आजही त्याच्या लेखकांची नावे आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. 'शब्द', 'असो', 'वाचा' ही अनियतकालिके तर मूठभर प्रतींवर जगली. त्यांतल्या एकेका अंकाचा शोध घेण्यात संशोधकांनी वर्षे घालवली आणि ते योग्यच झाले. मग 'नवल'च्या बाबतीत काय बिनसले? 'धनंजय'च्या बाबतीत काय बिनसले? अद्भुत, गूढ आणि विज्ञानकल्पित कथा नेमाने छापणाऱ्या या अंकांत वर्षानुवर्षे लिहिणाऱ्यांची साधी नामावळीदेखील आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांत मिळू नये, हे कशाचे लक्षण आहे?

छोटेपणाचे तर नक्कीच नाही. अडचण एवढीच की हे अंक वाचकाला आवडत असत. प्रस्थापितांच्या विरोधात निघालेले छोटे नियतकालिक आपल्याला चालते. करमणुकीच्या बाजूने निघालेले चालत नाही. पहिल्याच्या लेखकाला आपण 'बंडखोर' म्हणतो, दुसऱ्याच्या लेखकाला 'पानपूरक'. हा लेख त्या पानपूरकांच्या बाजूने आहे.

प्रथम थोडा तपशील, कारण तो वर्गात क्वचितच सांगितला जातो. अनंत अंतरकर यांनी १९४६ साली 'हंस' सुरू केले, पुढे 'मोहिनी' आणि 'नवल' ही भावंडे आली. 'नवल'ची ओळखच मुळी अद्भुतरम्यतेची होती: रहस्य, साहस, भय, परग्रह, कालप्रवास आणि परभाषांतील अशाच कथांचे अनुवाद. १९६६ साली अंतरकरांचे निधन झाल्यावर आनंद अंतरकरांनी ही धुरा घेतली आणि २०२१ मध्ये जग सोडेपर्यंत वाहिली. मासिके ओसरली तरी दिवाळी अंक चालत राहिले. साठच्या दशकाच्या आरंभी निघालेल्या 'धनंजय'ने रहस्य, गूढ आणि विज्ञान यांना दिवाळी अंकात हक्काचे घर दिले. या आणि अशा अंकांभोवती द. पा. खांबेटे, द. चिं. सोमण, गजानन क्षीरसागर, नारायण धारप, रत्नाकर मतकरी, पुढच्या पिढीत निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे अशी लिहिती माणसे जमली. त्यांच्या आजूबाजूला आणखी कितीतरी जण होते. त्यांची पुस्तके निघाली नाहीत. त्यांचे सारे लेखन अंकांतच राहिले आणि अंक रद्दीत गेले.

या लेखकांविरुद्ध तीन आक्षेप ठरलेले आहेत. ते टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिला आक्षेप उसनवारीचा. यांचे निम्मे लेखन इंग्रजीवरून उचललेले, असे म्हटले जाते. धारपांच्या 'लुचाई'वर स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ची छाया आहे, हे खरेच आहे. पण मराठी गद्याच्या कोणत्या दालनात अशी छाया नाही? देवलांचा 'झुंझारराव' 'ऑथेल्लो'वर उभा आहे, तो रंगभूमीच्या इतिहासात सन्मानाने बसतो. विसाव्या शतकाच्या तोंडावर 'केरळ कोकिळ'मधून ज्यूल व्हर्नची चांद्रसफर मराठीत आली. भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' यांतून त्याच व्हर्नला मराठी मुलांच्या तोंडची भाषा दिली. नाटककाराने घेतले की 'रूपांतर' आणि मासिकातल्या कथाकाराने घेतले की 'उचलेगिरी', हा न्याय नव्हे. मूळ लेखकाचे ऋण जिथे लपवले गेले तिथे ते दाखवून द्यावेच. पण दाखवायचे तर आधी दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचाव्या लागतील. आक्षेप घेणाऱ्यांपैकी कितींनी हे केले? न वाचता केलेला आरोप ही समीक्षा नसते, ती अफवा असते.

दुसरा आक्षेप साच्याचा. धारपांचा समर्थ येणार, अमानवी संकट हटणार. शास्त्रज्ञ प्रयोग करणार, प्रयोग हाताबाहेर जाणार. साचा आहे, हे मान्यच. पण साच्याची अॅलर्जी आपल्याला नेमकी इथेच का व्हावी? ओवी, अभंग, लावणी, पोवाडा हे सारे साचेच आहेत. साचा ठाऊक असलेला वाचक लेखकाने तो कोठे मोडला हे क्षणात ओळखतो. मतकरींच्या गूढकथांत भुतापेक्षा माणसाच्या मनातला अंधार भीतिदायक ठरतो, हे लक्षात यायला वाचकाने आधी शंभर भुते वाचलेली असावी लागतात. ती शंभर भुते लिहिणारे लोक म्हणजेच आपले पानपूरक. त्यांनी वाचक घडवला नसता तर मतकरींची कलाटणी कोणावर परिणाम करणार होती?

तिसरा आक्षेप मागणीबरहुकूम लिहिण्याचा. संपादकाचे पत्र आले, तारीख ठरली, सोळा पानांचा फॉर्म भरायचा राहिला, म्हणून कथा लिहिली. अशा लेखनात आंतरिक निकड कुठली, असा हा प्रश्न. या प्रश्नाला उत्तर द्यायला मला विज्ञानकथेकडे जावेच लागत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले आणि त्याच्या अंकागणिक कादंबऱ्यांची प्रकरणे पुरवली. पत्राचे नाव 'करमणूक', लेखन हप्त्याहप्त्याने, आणि त्यातून मराठी कादंबरी उभी राहिली. हे आपण प्रत्येक तुकडीला शिकवतो आणि पुढच्याच तासाला 'मागणीनुसार लिहिणारे' म्हणून दुसऱ्यांना नाक मुरडतो. नेम ही गोष्ट प्रतिभेची शत्रू नाही. अंक ठरल्या दिवशी निघावा म्हणून ठरल्या दिवशी कथा देणारा, ठरलेल्या शब्दांत ती बसवणारा, वाचकांच्या पत्रांतले टोमणे वाचून पुढच्या कथेत सुधारणा करणारा लेखक हा कारागीर आहे. कारागिराला मान द्यायला आपल्या संस्कृतीला संकोच वाटतो, ही आपली उणीव आहे.

आता नारळीकरांकडे येऊ, कारण या विषयावर बोलू लागताच कोणीतरी त्यांचे नाव घेऊन चर्चा संपवू पाहतो. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव जयंत नारळीकरांचे होते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी विज्ञानकथेची दखल घेतली, 'यक्षांची देणगी' आली, आणि २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मराठी विज्ञानकथेचे जनक म्हणून त्यांना अनेकांनी निरोप दिला. त्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. पण 'जनक' या शब्दाविषयी आहे. जी स्पर्धा त्यांनी जिंकली ती त्यांच्यासाठी भरवलेली नव्हती. स्पर्धा होती याचाच अर्थ लिहिणारे होते, वाचणारे होते, परीक्षण करू शकणारे होते. त्यांच्या आधी दोन-तीन दशके कोणीतरी मराठी वाचकाला अंतराळयान, यंत्रमानव, परग्रहवासी या कल्पनांशी घरोबा करून दिला होता. परिभाषाकोशातला शब्द कथेत चालता-बोलता होईपर्यंत तो भाषेचा होत नाही. ते काम ज्यांनी केले त्यांना इतिहासातून वगळायचे आणि मग एका नामवंत शास्त्रज्ञाच्या आगमनाने प्रकार 'जन्मला' असे लिहायचे, याला इतिहासलेखन म्हणत नाहीत. आणि स्वतः नारळीकरांनी काय केले होते? आपले वजनदार नाव बाजूला ठेवून एका अनोळखी 'जगतापां'ची कथा म्हणून ती वाचली जावी अशी व्यवस्था केली होती. नावाकडे न पाहता कथा वाचा, हे त्यांना कळत होते. आपल्याला अजून कळलेले नाही.

बाहेर पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. ह्यूगो गर्न्सबॅक यांचे 'अमेझिंग स्टोरीज' १९२६ साली निघाले तेव्हा त्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा कवडीचीही नव्हती. आसिमोव्हच्या 'फाउंडेशन'मधल्या कथा १९४२ पासून 'अस्टाउंडिंग'मध्ये येत होत्या. पुस्तक झाले १९५१ मध्ये. म्हणजे नऊ वर्षे ते साहित्य केवळ मासिकाचे होते. बंगालीत अद्रीश बर्धन यांनी १९६३ साली 'आश्चर्य' हे विज्ञानकथेचे मासिक काढले; आज बंगाली तरुण त्या परंपरेचा धागा पकडून 'कल्पविश्व'सारखे नियतकालिक चालवतात. आपल्याकडे लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइनस्टाइन' जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात १९९८ साली गेली. अमेरिकेतल्या प्राध्यापकाला ती निवडावीशी वाटली. आपल्या किती अभ्यासक्रमांनी ती निवडली? धारपांची आठवणही अनेकांना २०१८ च्या 'तुंबाड'नंतर झाली, त्या चित्रपटामागे त्यांची कथा होती हे कळल्यावर. परदेशी संग्रह, चित्रपट किंवा मृत्युलेख यांपैकी काहीतरी आल्याशिवाय आपण आपल्या लेखकाकडे पाहतच नाही.

हे मी पुसेगावात बसून लिहितो आहे. इथून नरसी जवळ. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेले ते गाव. नामदेवांच्या गाथेतले कोणते अभंग मूळ नामदेवांचे आणि कोणते विष्णुदास नाम्याचे किंवा आणखी कोणा 'नाम्या'चे, यावर मराठी संशोधकांनी किती शाई वेचली आहे हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. एकाच मुद्रेखाली अनेक हात लिहीत होते, म्हणून प्रत्येक हात वेगळा ओळखला पाहिजे, ही त्या शोधामागची निष्ठा होती. सहा-सात शतकांपूर्वीच्या हातांसाठी जी निष्ठा दाखवली ती साठ वर्षांपूर्वीच्या हातांसाठी का नसावी? मासिकांतही टोपणनावे होती, आद्याक्षरे होती, एकाच अंकात दोन नावांनी लिहिणारे होते. फरक एवढाच की गाथा वारकऱ्यांनी जपली. मासिकाला वारी नसते.

ते जपण्याची एकच यंत्रणा आपल्याकडे होती: वाचनालय. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांची ग्रंथालये जिल्ह्या-तालुक्यांपासून खेड्यांपर्यंत उभी राहिली. मराठवाड्यातल्या लहान गावांत अद्भुताची आवड असलेला वाचक पुस्तकाच्या दुकानाने घडवला नाही, कारण दुकानच नव्हते. तो घडला वाचनालयातल्या फाटक्या मुखपृष्ठाच्या दिवाळी अंकांवर. पण पुस्तक दाखलपुस्तकात चढते आणि राहते; अंक जुना झाला की जागेच्या नावाखाली तागडीत जातो. दाते सूची मंडळाची नियतकालिकांची सूची १९५० पाशी थांबते आणि आपल्या विषयाचा बहुतेक कागद त्यानंतरचा आहे. म्हणजे ज्या कागदाची सूची नाही तोच कागद रोज नष्ट होतो आहे. ही हळहळीची गोष्ट नव्हे, मुदतीची आहे.

म्हणून मागणी गौरव समारंभाची नाही. शाल-श्रीफळाने या लेखकांचे काहीच भले होणार नाही. मागणी कामाची आहे. एम.ए.चा विद्यार्थी लघुप्रबंधासाठी विषय शोधत येतो तेव्हा ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणावरचा एकशे एकावा प्रबंध त्याच्या माथी मारण्याऐवजी त्याला एका अंकाची दहा वर्षे द्या. प्रत्येक कथेचे शीर्षक, लेखक, पृष्ठे, अनुवाद असल्यास मूळ. एवढी सूची त्याने केली तरी आजवरच्या अनेक प्रबंधांपेक्षा ती अधिक काळ टिकेल. नांदेडच्या विद्यापीठाच्या कक्षेतल्या महाविद्यालयांनी आपापल्या तालुक्यातल्या वाचनालयांत उरलेले अंक मोजले, तरी सुरुवात होईल. अभ्यासमंडळांनी कथेच्या पेपरात एक धारप, एक मतकरी, एक गोगटे, एक लोंढे ठेवावा. 'आस्वादासाठी' म्हणून परिशिष्टात नको, परीक्षेसाठी ठेवावा. आणि समीक्षकांनी त्यांच्यावर कठोर लिहावे. त्यांतल्या पुष्कळ कथा सामान्य आहेत, काही टाकाऊ आहेत, हे सांगणे म्हणजे अपमान नव्हे. ते सांगण्यापुरतेही आपण त्यांना वाचत नाही, अपमान तो आहे.

आजही मेघश्री दळवी, स्मिता पोतनीस यांच्यासारखे लेखक दिवाळी अंकांतून नेमाने विज्ञानकथा लिहीत आहेत. त्यांच्याविषयी लिहायला त्यांच्या पंच्याहत्तरीची वाट पाहण्याचे कारण नाही. यंदाचा अंक उपलब्ध आहे. अनुक्रमणिका दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असते. तिथपासून सुरुवात करावी.