परत आलेल्यासाठी आपल्याकडे प्रार्थना आहे का?



आज मी माझ्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे. ही चूक मी एकटाच करतो असं नाही, आपण बरेच जण करतो. पण सुरुवात स्वतःपासून केलेली बरी.

आपल्या सौंसर भागातला एक मुलगा. वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राखणीला. मुलाने घरी अभ्यास करून एनडीएची लेखी परीक्षा दिली आणि निकालात त्याचा नंबर आला. त्या रविवारी मिस्सानंतर पेढे वाटले गेले. फादरांनी त्याला वेदीसमोर बोलावून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आम्हीही बाकांवरून हात पुढे केले. भोपाळला एसएसबीची मुलाखत होती. पांढुर्णा स्टेशनवर त्याला गाडीत बसवायला आम्ही वीस-बावीस जण होतो. कोणी चिवडा दिला, कोणी गळ्यात रोझरी घातली.

सहाव्या दिवशी तो परत आला. तेव्हा स्टेशनवर दोघेच होतो, त्याचे वडील आणि मी.

पाचव्या दिवसापर्यंत तो टिकला होता. शेवटच्या दिवशी निवड झालेल्यांचे छातीवरचे नंबर वाचून दाखवले, त्यात त्याचा नव्हता. त्याचे वडील काहीच बोलले नाहीत, त्यांनी नुसती बॅग हातात घेतली. मला मात्र गप्प राहवलं नाही. इतकी वर्षं मुलांना धर्मशिक्षण देतो, काही तरी बोललंच पाहिजे असं वाटलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "बेटा, मनाला लावून घेऊ नको. देवाची इच्छा नव्हती."

तो थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे सर, देवानेच मला नापास केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. ते वाक्य मी धीर देण्यासाठी बोललो होतो. त्याच्या कानात ते निकालासारखं पडलं. निवड मंडळाने नाही म्हटलं होतंच, आता मी त्यावर देवाची सहीही घेऊन आलो होतो.

बंधू-भगिनींनो, ती मुलाखत काय असते हे मी त्यानंतर नीट समजून घेतलं. आधी घ्यायला हवं होतं. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि एसएसबीही ९०० गुणांचीच. वर्षातून दोनदा परीक्षा होते, लाखो मुलं-मुली बसतात आणि एका वेळी जागा असतात चारशेच्या आसपास. एसएसबीच्या पहिल्याच दिवशी चाळणी लागते. त्यात राहिलेली मुलं त्याच दिवशी घरी. पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या. एकेक शब्द पंधरा सेकंद दाखवतात आणि मनात येईल ते वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. मग मैदानावर फळ्या, दोर आणि पिंप घेऊन गटाने अडथळे पार करायचे. मग अधिकाऱ्यासमोर एकट्याने मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे वेगवेगळं मोजमाप करतात, आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसून ठरवतात. अधिकाऱ्याला लागणारे १५ गुण ते शोधत असतात.

यात मंडळाचा दोष काही नाही. सैन्याला ज्या कामासाठी माणूस हवा, त्या कामासाठी ते बघतात. पण नीट पाहा, ते मोजमाप किती मर्यादित आहे. अठरा वर्षांच्या मुलाचे पाच दिवस, आणि त्या पाच दिवसांत दिसलेलं तेवढंच. नापास झालेल्याला कारणही सांगत नाहीत. मंडळ एवढंच म्हणतं की या वेळी शिफारस नाही. "तू कामाचा नाहीस" असं ते म्हणत नाही. ते वाक्य पुढे आपण जोडतो. गल्लीत लोक आपल्या भाषेत जोडतात, आणि आपण चर्चमध्ये देवाच्या भाषेत.

मला हे कळायला हवं होतं, कारण मी स्वतः असाच परत आलेलो आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी सेमिनरीत गेलो. फादर होणार म्हणून गावाने हार घातले होते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वरिष्ठांनी बोलावून घरी जायला सांगितलं. ट्रंक घेऊन बसमधून उतरलो तेव्हा हारवाली माणसं भेटली नाहीत. नंतर रस्त्यात भेटले त्यांनी समजूत घातली, "तुला पाचारण नव्हतं रे." सगळे चांगले लोक होते. पण त्या वाक्यामुळे मी दोन वर्षं चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलो आणि मिस्सा संपण्याआधी उठून जात होतो. देवाने ज्याला घेतलं नाही, त्याने त्याच्या घरात पुढे कशाला बसायचं? पुढे मी बी.ए. केलं, लग्न झालं, आणि एका म्हाताऱ्या फादरांनी रविवारच्या मुलांचा वर्ग माझ्या हाती दिला. तेव्हापासून मी तिथेच आहे. पण याला "बघा, देवाची योजना होती" असं म्हणायची घाई मी आजही करत नाही. ती दोन वर्षं मला आठवतात.

घरी मात्र त्या दिवशी आईने काहीच विचारलं नव्हतं. ताटात भाकर आणि पिठलं वाढलं आणि म्हणाली, "जेव आधी." बस.

पुढे पवित्र शास्त्र वाचताना एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत मला माझी आई भेटली. एलीया हरून, थकून अरण्यात एका झुडपाखाली पडला होता. आता पुरे, मला मरण दे, असं मागत होता. देवाने दूत पाठवला. दूताने त्याला कारण सांगितलं नाही, उपदेशही केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई जवळ ठेवली आणि उठून खा म्हणाला. एलीया खाऊन पुन्हा झोपला, तर झोपू दिलं. दूत दुसऱ्यांदा आला, तेव्हाही खायलाच घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. आपण मात्र होरेबचं बोलणं पांढुर्णा स्टेशनवरच उरकून टाकतो.

सैन्यातून परत पाठवल्याची गोष्टसुद्धा शास्त्रात आहे, शास्ते पुस्तकाच्या सातव्या अध्यायात. गिदोनाकडे ३२ हजार माणसं जमली होती. भीती वाटते त्यांनी घरी जावं असं सांगितलं तेव्हा २२ हजार गेले. उरले १० हजार. हे भित्रे नव्हते, थांबले होते. मग पाण्यावर परीक्षा झाली. ओंजळीने पाणी तोंडाशी नेऊन पिणारे ३०० ठेवले आणि गुडघे टेकून पिणारे ९,७०० घरी पाठवले.

कोणी म्हणेल, "सर, इथे तर देवानेच परत पाठवलं." खरं आहे. पण का पाठवलं ते शास्त्रच सांगतं, आणि ते कारण त्या ९,७०० जणांत काही उणं होतं असं नाही. इस्राएलने विजयाची बढाई आपल्या बळावर मारू नये, एवढ्यासाठी सैन्य लहान केलं. गुडघे टेकून पाणी पिणं हे पाप नव्हे. जिथे शास्त्र कारण सांगतं तिथे आपण ते वाचावं. आपल्या सौंसरच्या मुलाबाबत देवाने कारण कोणाला सांगितलेलं नाही. मग आपण ते त्याच्या वतीने कसं जाहीर करायचं?

त्या अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत, माझ्या कित्येक वर्षं लक्षात आल्या नव्हत्या. पहिली, परत जाणाऱ्या लोकांची शिदोरी आणि रणशिंगं त्या ३०० जणांनी घेतली. रात्रीच्या हल्ल्यात जी शिंगं वाजली त्यांत घरी पाठवलेल्यांची शिंगं होती. आणि दुसरी, मिद्यानी पळू लागले तेव्हा पाठलागासाठी नफताली, आशेर आणि मनश्शेच्या माणसांना पुन्हा बोलावणं गेलं. पहिल्यांदा जमले होते तेव्हाही याच वंशांची माणसं आली होती. परत पाठवणं हा त्या गोष्टीचा शेवट नव्हता.

अशा वेळी आपण मुलांना डॉ. अब्दुल कलामांचं उदाहरण देतो. द्यावंच. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत २५ जणांत ते नववे आले आणि ८ जणांनाच घेतलं. खचलेल्या मनाने ते ऋषीकेशला गेले, स्वामी शिवानंदांना भेटले, आणि पुढे संरक्षण खात्यात वैज्ञानिक म्हणून कामाला लागले. २००२ मध्ये ते राष्ट्रपती, म्हणजे तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती झाले. ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून, वयाच्या ७४ व्या वर्षी, सुखोई विमानातून त्यांनी उड्डाण केलं. ऐकून अंगावर काटा येतो. पण एक सांगतो, नापास झालेला प्रत्येक मुलगा कलाम होत नाही. "तूही मोठा होशील" हे सुद्धा मुलाच्या पाठीवर ठेवलेलं एक ओझंच आहे. आणि नाही झाला मोठा, तर?

त्याच्यासाठी मला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातला योसेफ आठवतो. त्याला बर्सब्बा म्हणत. यहूदाची रिकामी जागा भरायची होती. बाप्तिस्म्याच्या दिवसांपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो सोबत होता असाच माणूस हवा होता, आणि त्यात दोन नावं निघाली, योसेफ आणि मत्थिया. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या. मत्थियाचं नाव आलं. योसेफाची पात्रता कमी होती असं कुठे लिहिलेलं नाही. पुढे शास्त्रात त्याचं नाव येत नाही, आणि नवल म्हणजे निवडून आलेल्या मत्थियाचंही येत नाही. दोघेही त्याच मंडळीचे राहिले. काही दिवसांनी पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला तो तिथे जमलेल्या सगळ्यांवर. बर्सब्बा बाहेर उभा राहा, असं कोणी म्हटलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट लिहितो. आपल्या मंडळीत पाठवणीची प्रार्थना आहे, परतीची नाही. पास झालेल्यांसाठी आभार मानले जातात, नापास झालेल्याचं नाव हळू आवाजात घेतलं जातं. हे बदलायला हवं. ज्या वेदीसमोर मुलाला उभं करून निरोप दिला, त्याच वेदीसमोर, त्याची इच्छा असेल तर, त्याचं परत आल्याबद्दल स्वागत व्हावं. विश्वासूंच्या प्रार्थनेत परीक्षेला जाणाऱ्यांबरोबर परीक्षेहून परतलेल्यांचीही एक ओळ असावी. जूनमध्ये गुणवंतांचा सत्कार करतो तेव्हा परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला पुढे बोलवावं. यात खर्च काही नाही.

आई-वडिलांना विनंती, पहिले काही दिवस कारण विचारू नका, शेजारच्या मुलाचा निकाल सांगू नका. जेवण आणि झोप सांभाळा. मूल जेवत नसेल, बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं म्हणू लागलं, तर ते नाटक समजू नका. एलीयासारखा संदेष्टाही तेच म्हणाला होता. अशा वेळी प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवेत, आणि १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर दिवस-रात्र फुकट बोलता येतं.

आणि मुलांनो, पुढचे रस्ते आहेत. साडेएकोणीस वर्षांपर्यंत वयात बसत असाल तर एनडीए पुन्हा देता येते. पदवीनंतर सीडीएस आहे, हवाई दलासाठी एएफकॅट आहे, एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर वेगळी वाट आहे. जायचं असेल तर तयारीने जा. दुसरं काही करायचं ठरवलं तरी त्यात हार नाही.

आपल्याकडे संत्र्याचा आंबिया बहार एखाद्या वर्षी गळतो. शेतकरी झाडाखाली पडलेली फळं बघतो, दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. पण तो कुऱ्हाड घेऊन बागेत जात नाही. झाडाला दोष देत नाही, मुळाशी पाणी-खत बघतो, मृग बहाराची वाट पाहतो. झाडाशी आपण इतकं शहाणपणाने वागतो, मग लेकरांशी का नाही?

तो मुलगा मागच्या रविवारी माझ्या वर्गाच्या दारात आला होता. मी त्याची माफी मागितली. म्हणालो, "त्या दिवशी मी देवाच्या नावाने बोललो, ते मला माहीत नव्हतं." तो थोडा हसला. मग लहान मुलांना रांगेत बसवायला लागला. पुढे काय करणार ते मी विचारलेलं नाही.

हे प्रभू, ज्यांचा नंबर वाचला गेला नाही त्यांना तू नावाने ओळखतोस. आमच्या तोंडाला थोडं मौन दे आणि हातात भाकर दे. परत येणाऱ्या प्रत्येक लेकरासाठी स्टेशनवर आम्हाला उभं राहू दे. आमेन.