अध्यक्षाचें आसन

वर्तमानपत्र घरांत येऊं लागलें म्हणजे मंत्र्यांचीं नांवें मुलांसहि पाठ होतात. परंतु ज्याला उद्देशूनच त्या मंत्र्यांस बोलावें लागतें, त्या अध्यक्षाचें नांव विचारलें तर वडील मंडळीहि क्षणभर घुटमळतात. ह्याचें आम्हांस फारसें नवल वाटत नाहीं. घरांत आवाज भांडणाऱ्यांचा ऐकूं येतो. ओटीवर बसून तें भांडण मर्यादेबाहेर जाऊं न देणाऱ्या आजोबांकडे पाहुण्याचें लक्ष जात नाहीं. ह्या खेपेस अशाच एका गृहस्थाची हकीकत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. त्यांचें नांव गणेश वासुदेव मावळंकर. लोक त्यांस दादासाहेब म्हणत.

घराणें मूळचें रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगें गांवचें. जन्म मात्र १८८८ सालीं बडोद्यास झाला. आरंभींचें कांहीं शिक्षण राजापुरास झाल्यावर १९०२ सालीं ते अहमदाबादेस गेले आणि तेथलेच झाले. १९०८ सालीं बी. ए., पुढें कायद्याची परीक्षा आणि १९१३ पासून वकिली. गांधीजी व वल्लभभाई ह्यांच्या सहवासांत ते सार्वजनिक कार्यांत शिरले. १९१९ सालीं नगरपालिकेचे सभासद व पुढें दोनदां तिचे अध्यक्ष झाले. गटारें, पाणीपट्टी आणि रस्त्यांवरचे दिवे ह्यांवरून तासन्‌तास चाललेला वाद ज्यानें शांतपणें ऐकला आहे, त्याला पुढें कोणत्याहि सभेची भीति वाटूं नये, असें आमचें मत आहे.

स्वातंत्र्याच्या चळवळींत निरनिराळ्या वेळीं मिळून सुमारें सहा वर्षें त्यांनीं तुरुंगांत काढलीं. तेथें भेटलेल्या गुन्हेगारांच्या हकीकती त्यांनीं ‘मानवतानां झरणां’ ह्या गुजराती पुस्तकांत लिहून ठेविल्या आहेत. त्यांच्या चरित्रांतील ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. ज्याला सारा गांव दोषी म्हणतो त्याच्यापाशीं बसून त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घेणें, हा अभ्यास अध्यक्षपदास वकिलीहूनहि अधिक उपयोगीं पडला असेल.

१९३७ सालीं ते अहमदाबादेहून मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले, आणि त्याच वर्षीं तिचे अध्यक्ष झाले. सभासद १७५, कोणी मराठी, कोणी गुजराती, कोणी कानडी. मंत्रिमंडळ बाळासाहेब खेरांचें, म्हणजे मावळंकरांच्याच पक्षाचें; समोर विरोधी बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. आंबेडकर. दोन वर्षांतच महायुद्ध सुरू झालें, मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले आणि सभागृह मुकें झालें. पुढें जानेवारी १९४६ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठीं ते उभे राहिले, तेव्हां सरकारचा पाठिंबा सर कावसजी जहांगीर ह्यांस होता. मावळंकरांस ६६ मतें पडलीं व सर कावसजींस ६३.

तीन मतांचें हें अंतर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. सभागृहाचें जवळजवळ अर्धें अंग ज्याच्या विरुद्ध गेलें, त्यानें दुसऱ्या दिवसापासून दोन्ही अंगांस सारखा न्याय द्यावयाचा! मास्तरकीचा धंदा केलेल्यांस ह्यांतील अडचण समजावून सांगावयास नको. वर्गांत आपलाच मुलगा असला म्हणजे कांहीं शिक्षक त्यास मुद्दाम कमी गुण देतात, आणि लोक त्यांस निःस्पृह म्हणतात. आमच्या मतें तोहि अन्यायच; फक्त तो दिसतो चांगला.

ह्यावर एक उपाय पूर्वीं होऊन गेलेला होता. १९२५ सालीं विठ्ठलभाई पटेल त्याच आसनावर अवघ्या दोन मतांनीं निवडून आले, आणि त्यांनीं आपल्या स्वराज्य पक्षाशीं संबंध सोडला. मावळंकरांनीं तसें केलें नाहीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: इंग्लंडांत अध्यक्षाविरुद्ध मोठे पक्ष सहसा उमेदवार उभा करीत नाहींत, म्हणून तेथें त्याला पक्ष सोडणें परवडतें, येथें तो संकेत रुजेपर्यंत अध्यक्षानें पक्षाचें सभासदत्व ठेवावें, पण पक्षाच्या वादविवादांत पडूं नये. हें सोंवळें अर्धेंच आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें अधिक प्रामाणिक वाटतें. कौरवांच्या सभेंत द्रौपदीच्या प्रश्नास बड्या मंडळींकडून सरळ उत्तर मिळेना, तेव्हां तिची बाजू घेऊन बोलला तो विकर्ण कौरवांपैकींच होता. त्याला न्यायाचें बोलण्यासाठीं भाऊबंदकी तोडावी लागली नाहीं.

मावळंकरांचा कस लागला तोहि स्वपक्षापुढेंच. १९५२ सालीं लोकसभेनें त्यांस शंकर शांताराम मोरे ह्यांच्या विरुद्ध ३९४ विरुद्ध ५५ मतांनीं अध्यक्ष निवडलें. तीन मतांच्या बहुमतानें माणूस सावध राहतो. इतक्या मोठ्या बहुमतानें तो सैल पडण्याचा संभव अधिक. परंतु सरकार ऊठसूट वटहुकूम काढूं लागलें, तेव्हां त्यांनीं १९५० व १९५४ सालीं पत्रें लिहून स्पष्ट कळविलें कीं, ही रीत लोकशाहीस धरून नाहीं आणि अत्यंत निकड असेल तेव्हांच तिचा अवलंब व्हावा. नेहरूंनीं तत्त्व मान्य केलें. निकड कोणती, हें ठरविणें मात्र सरकारकडेच राहिलें. (पुढें बिहारांत १९६७ पासून १९८१ पर्यंत २५६ वटहुकूम पुनःपुन्हा काढून जिवंत ठेविल्याचें पुण्याच्या गोखले संस्थेंतील प्रा. वाधवा ह्यांनीं उजेडांत आणलें, आणि १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या प्रथेवर कडक ताशेरे ओढले.)

दुसरें काम आश्वासन समितीचें. मंत्र्यानें “चौकशी करून सांगतों” म्हणावें आणि विसरून जावें, हा अनुभव नवा नव्हे. आमच्या घरांतूनहि अशीं आश्वासनें पुष्कळ दिलीं जातात. १९५३ सालीं स्थापन झालेली ही समिति मंत्र्यांचे ते शब्द टिपून ठेवते आणि त्यांचें पुढें काय झालें तें विचारते.

इतकें असूनहि, डिसेंबर १९५४ मध्यें विरोधकांनीं त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप ठेवून त्यांस दूर करण्याचा ठराव आणला. त्या वेळीं उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार आसनावर होते. ठराव फेटाळला गेला; परंतु तो मांडला गेला व त्यावर मोकळेपणीं बोलतां आलें, ह्यांतच सभागृहाची शोभा होती.

१९६७ सालीं नीलम संजीव रेड्डी ह्यांनीं अध्यक्ष होतांच पक्ष सोडला. २००८ सालीं सोमनाथ चॅटर्जी ह्यांनीं आसन सोडण्याचें नाकारलें, तेव्हां त्यांच्या पक्षानेंच त्यांस काढून टाकलें. १९८५ च्या घटनादुरुस्तीनें तर पक्ष बदलणाऱ्या सभासदाचें सभासदत्व राहतें कीं जातें, ह्याचा निवाडा अध्यक्षावर सोंपविला, आणि मावळंकरांस कधीं न पडलेला भार ह्या आसनावर पडला.

मावळंकर २७ फेब्रुवारी १९५६ रोजीं अहमदाबादेस आसनावर असतांनाच वारले. अध्यक्षाविरुद्ध कोणी उभें राहूं नये, हा संकेत त्यांच्या हयातींत रुजला नाहीं. त्यांच्या मागें झालेल्या पोटनिवडणुकींत त्यांच्या पत्नी सुशीलाबाई मात्र त्या जागीं बिनविरोध निवडून आल्या.