झाडावरची तांबडी मुंगी जाळू नका

उचगाव, बेक्किनकेरे, तुडये या पट्ट्यातल्या काजू-आंब्याच्या मालकांना हात जोडून सांगणं आहे. फांदीवर पानं चिकटवून केलेला मुंग्यांचा गोळा दिसला की पलिता लावू नका, औषध मारू नका.

आधी मुंगी कोणती ते नीट बघा. बांधात बीळ करून राहते आणि नांगी मारते ती तांबडी वेगळी. शेपूट वर उचलून पळणारी, झाडावर मातकट काळं घरटं करणारी, तीही वेगळी. आपली मुंगी लांब पायांची, तांबूस-नारिंगी. हिला नांगी नसते. चावते आणि चाव्यावर आम्ल सोडते, म्हणून आग होते. कोकणात ओंबील, गोव्यात हुमले म्हणतात ती हीच. शास्त्रीय नाव इकोफिला स्मॅराग्डिना. फॅब्रिशियसने 1775 मध्ये तिची नोंद केली. ऑस्ट्रेलियात तिचं पोट पाचूसारखं हिरवं असतं, इथे तांबडं, जात एकच. भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत, जिथे ऊब, ओलावा आणि बारमाही पानांची झाडं आहेत तिथे ती राहते. आफ्रिकेत तिची एकच भावंडजात उरली आहे.

मळेकरणी देवीच्या आमराईत जाल तेव्हा मान वर करून घरटी शोधा. बांधकाम चालू असेल तर थांबाच. कामकरी मुंग्या एकमेकींची कंबर धरून साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. मग दुसऱ्या मुंग्या जबड्यात अळी धरून येतात आणि शहापूर-वडगावच्या मागावर धोटा फिरावा तशी ती या कडेवरून त्या कडेला फिरवतात. पानं चिकटवणारं रेशीम अळीचं, मोठ्या मुंगीला ते काढता येत नाही.

काजूची पालवी आणि मोहोर वाळवणारा ढेकण्या या मुंग्यांपुढे टिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या काजूबागांत यांच्यावर आणि घानातल्या काजूबागांत यांच्या आफ्रिकी भावंडजातीवर हे तपासून झालंय. चीनमध्ये तर सतराशे वर्षांपूर्वी संत्र्याच्या बागांसाठी यांची घरटी विकत मिळत. एक खोट आहे, ती लपवत नाही: गोड रसासाठी या मुंग्या पिठ्या ढेकणाला सांभाळतात. तो फार वाढला तर तेवढी फांदी छाटा, सगळं झाड फवारू नका.

तोडणीला अडचण होते हे खरं. झाडावर न चढता आंबे झेल्याने उतरवा, काजू खाली पडू द्या आणि वेचा. चढावंच लागलं तर घरट्याची फांदी टाळा, अंगभर कपडे घाला. मजुरांनाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिला चावा बसला की ते काडेपेटीच काढतील.