ई-वार्तापत्राला भेट द्यायची तर कोणती?



छापील अंकाबरोबर ई-मेलनेही वार्तापत्र पाठवण्याचा विचार चालू आहे, आणि नाव नोंदवणाऱ्याला काय द्यायचे यावर गटागटांत चर्चा रंगली आहे. कोणी म्हणते पाच किलो साखर द्या, कोणी म्हणते भिंतीवरचे घड्याळ. मोटारसायकलची सोडत काढा असेही कानावर आले. आम्हांला यातले काहीच पटत नाही.

साखर कोणाला नको हो? पाच किलोसाठी घरटी चार पत्ते येतील. पुण्याला नोकरीत असलेल्या पोराचा, जावयाचा, झालेच तर मेव्हण्याचा. पिशवी घरी गेली की मेल उघडतो कोण! यादी फुगेल, वाचणारे तेवढेच राहतील, आणि खर्च शेवटी आपल्याच माथी.

भेट अशी असावी की ज्याचा ऊस रानात उभा आहे त्यालाच ती हवीशी वाटावी. माती परीक्षणाचेच पाहा. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद, १७० किलो पालाश ही शिफारस आपल्याला तोंडपाठ आहे. पण एखाद्या रानात पालाश मुळातच भरपूर असेल तर? चोपण जमिनीचे काय? तेव्हा नाव नोंदवणाऱ्याच्या एका प्लॉटची माती फुकट तपासून द्यावी. अहवाल नुसत्या आकड्यांचा नको. युरिया किती पोती, सुपर फॉस्फेट किती, पोटॅश किती, हे साध्या मराठीत लिहून ई-मेलनेच पाठवावे. जावयाला त्याचा काडीचा उपयोग नाही, म्हणून तो पत्ता देणार नाही. आणि ज्याला अहवाल पाहिजे तो पत्ता बिनचूकच देईल, कारण अहवाल त्यावरच यायचा.

अर्थात भेट एकदाच मिळते. ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू झाले आणि अजून घरोघर टांगलेले आहे, ते तिथी-वार रोज लागतात म्हणून. आपल्या पत्राचेही तसेच. वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. ते झाड हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे तर निरोप त्याच दिवशी हवा. छापील अंक येईपर्यंत अंडी जमिनीत गेलेली असतात.

एक सूचना मात्र आम्हांला साफ नामंजूर आहे. तोडणीचा क्रम ई-मेलवाल्यांना आधी कळवा, म्हणजे भराभर नावे येतील, असे काहींचे म्हणणे. नावे येतील हो, पण तोडणीची पाळी आणि बिलाची तारीख हा सभासदाचा हक्क आहे, बक्षीस नव्हे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बांधून दिले आहे. ते काय ई-मेल असणाऱ्यालाच? ज्या विधवा भगिनीकडे साधा फोन आहे तिला गट ऑफिसच्या फळ्यावर हे सगळे त्याच दिवशी वाचायला मिळाले पाहिजे.

पत्ता घेताना संमतीची सही घ्यावी, आणि ही यादी खत-औषधांच्या कोणत्याही दुकानदाराच्या हाती जाता कामा नये. लागण जुलै-ऑगस्टची असल्याने मातीच्या पिशव्या गट ऑफिसात मे महिन्यातच ठेवाव्यात.