पायथन हुशार झाली, पण ‘ठाणे’ अजून तुटतं

ठाणे, कळवा, डोंबिवलीच्या कुठल्याही घरात सध्या इंजिनीअरिंग किंवा आयटीला कुणी असेल, तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेशी त्याची गाठ पडलीच असेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिची ३.१४ ही आवृत्ती आली. गेल्या चार-पाच वर्षांत या भाषेत काय बदललं आणि मराठीच्या वाट्याला त्यातलं काय आलं?

आधी चांगली बातमी. एखादा कंस बंद करायचा राहिला, की पूर्वी पायथन भलत्याच ओळीवर बोट ठेवून ‘सिंटॅक्स एरर’ म्हणायची. नवशिक्या तासभर चुकीच्या जागी शोधत बसायचा. २०२१ च्या ३.१० पासून ती थेट सांगते, हा कंस बंदच केलेला नाही. ३.११ मध्ये चुकलेल्या नेमक्या भागाखाली खुणा दिसू लागल्या आणि आधीच्या आवृत्तीच्या तुलनेत वेगही सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. ३.१४ मध्ये तर ‘व्हाइल’चं स्पेलिंग चुकलं, तर ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का?’ असं विचारलं जातं. एकाच वेळी अनेक कामं खऱ्या अर्थाने समांतर चालवू देणाऱ्या वेगळ्या बिल्डलाही आता अधिकृत पाठबळ आहे. विद्यार्थ्यांना त्याची गरज लगेच पडणार नाही.

आता आपलं दुखणं. मजकुरातून शब्द वेचण्यासाठी पायथनमध्ये ‘आरई’ हे मॉड्यूल आहे. त्यात ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ म्हणजे शब्दातलं अक्षर. त्याला ‘ठाणे’ दिलं, तर हाती येतात दोन तुकडे, ‘ठ’ आणि ‘ण’. ‘मुंब्रा’चे तीन होतात. ‘कळवा’ त्यातल्या त्यात नशीबवान, फक्त शेवटचा काना गळतो.

कारण साधं आहे. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही ‘अक्षरं’ नाहीत, ‘चिन्हं’ आहेत आणि हे मॉड्यूल फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर मोजतं. गंमत म्हणजे याच पायथनमध्ये ‘किंमत’ नावाचा व्हेरिएबल बिनतक्रार चालतो! रोमनेतर लिपींची ही तक्रार पायथनच्या दोषनोंदीत २००७ पासून आहे.

हा निव्वळ किडा काढण्याचा प्रकार नाही. ऑनलाइन फॉर्ममधलं नाव तपासायला हाच नियम लावला, तर ‘सुनीता’ अवैध ठरते आणि ‘कमल’ पास होते. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, पण असा फॉर्म वेलांटीलाच अडवणार.

सुधारणा येते आहे, पण बाजूच्या दाराने. ऑक्टोबर २०२६ साठी ठरलेल्या ३.१५ मध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो तशा अक्षरांत मोजण्याची सोय येते आहे. सध्या ‘डोंबिवली’ची लांबी पायथन आठ सांगते, आपण चार म्हणू.

तोवर उपाय हाताशी आहे. ‘रेगेक्स’ हे वेगळं मॉड्यूल मोफत मिळतं, ते मात्रा शब्दातच धरतं आणि जुना कोड फारसा बदलावा लागत नाही. मिनी प्रोजेक्ट करणाऱ्यांनी चाचणीसाठी ‘एबीसी’ टाइप करण्याऐवजी एकदा ‘मुंब्रा’ टाकून बघावं.