‘बाहेरून घ्या’ ही चिठ्ठी कुठे तयार होते?



सरकारी दवाखान्यात रांग लावायची, डॉक्टरांनी तपासायचे आणि औषधाच्या खिडकीवर ऐकायचे, “ही गोळी संपली, बाहेरून घ्या.” मग वस्तीतली बीपी-शुगरची माणसे एक दिवसाआड गोळी घेतात, नाहीतर पगाराची वाट बघतात. एवढ्यावर लकवा मारू शकतो, किडनी जाऊ शकते.

आपण भांडतो खिडकीवरच्या माणसाशी. पण चिठ्ठीचे मूळ असते वरच्या खरेदीत. मागणी उशिरा जाते, निविदा रखडते, पुरवठादाराचे बिल थकते आणि इथे कपाट रिकामे होते.

महाराष्ट्राने २०१७ साली ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली. ती बदलून २०२३ साली कायद्याने स्वतंत्र खरेदी प्राधिकरण आणले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच आहे. पण गोळीच नसेल, तर मोफत काय मिळाले?

तामिळनाडूने १९९४ साली यासाठी महामंडळ काढले. तिथे औषधे जिल्ह्याच्या गोदामात येतात. प्रत्येक खेपेचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि पास झालेलेच औषध वाटले जाते. प्रत्येक दवाखान्याला पासबुक असते, त्यातल्या रकमेत तो गरजेप्रमाणे औषध उचलतो. राजस्थाननेही २०११ साली मोफत औषध योजना सुरू करताना महामंडळाचीच वाट धरली. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: नुसती खरेदी करणाऱ्या कार्यालयाची पाटी बदलून भागणार नाही. साठा, तपासणी आणि बिले यांचा हिशेब लोकांना दिसला पाहिजे.

बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. औषध मागणे ही भीक नव्हे.

तेव्हा औषध नसेल तर केसपेपरवर तसे लिहून मागा. त्याची झेरॉक्स रविवारी वंदनेनंतर विहारात जमा करा. दहा-वीस जमल्या की सगळ्यांच्या सह्यांचे निवेदन द्या. दवाखाना राज्याचा असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि महापालिकेचा असेल तर तिच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. सोबत माहिती अधिकारात विचारा: मागणी कधी पाठवली, माल कधी आला?

आणि तोवर गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.